‘काही नाही, घरीच असते’

‘मिसेस काय करतात?’ ‘काही नाही, घरीच असते.’ लग्नाच्या पंगतीत, बँकेत, शाळाप्रवेशाच्या रांगेत हा संवाद हमखास कानावर येतो. बोलणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते, म्हणून तर कुणी हरकतही घेत नाही. अशाच काही अंगवळणी पडलेल्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज : घरी असणारी बाई काही कमावत नाही.

नळाला पहाटे पाचला पाणी येत असेल तर पाचला उठून पिंप भरायचं. मग दोन वेगळ्या वेळांचे डबे, सासऱ्यांची साखरेची गोळी, दळण, दूधवाल्याचा हिशेब. हे सगळं घरात प्रत्येकाला दिसतं, पण त्याला काम म्हणत नाहीत. सरकारने मात्र ते मोजलं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. या ९७ वर कुणी खूश होण्याआधी एक बारकावा सांगायला हवा. ही सरासरी फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची आहे आणि असे पुरुष शंभरात २६ निघाले. स्त्रिया ८१. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ वर आली. तेवढा भार पुरुषांनी उचलला म्हणावं, तर त्यांचीही ९७ वरून ८८ झालेली! श्रेय द्यायचंच तर मिक्सर आणि वॉशिंग मशीनला द्यावं, असा माझा आपला अंदाज.

या कामाची किंमत करायची वेळ येते ती बहुधा बाई अपघातात गेल्यावर, भरपाईच्या दाव्यात. मोटार वाहन कायद्याला १९९४ साली जोडलेल्या तक्त्यात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरायचं, असा सुटसुटीत हिशेब होता. म्हणजे स्वयंपाक-धुणी तीच, पण इंजिनिअरची बायको महाग आणि रिक्षावाल्याची स्वस्त. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. २०१० मध्ये तर न्यायालयाने जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत गृहिणी भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्या रांगेत, अनुत्पादक म्हणून बसवल्या होत्या. जानेवारी २०२१ च्या निकालात वर दिलेला २९९ मिनिटांचा आकडाच निकालपत्रात आला आणि गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरणं हा तिच्या श्रमांचा मान आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. न्यायालयाला जे पटलं, ते शाळाप्रवेशाच्या रांगेत पोहोचायला अजून वेळ आहे.

गैरसमज : लग्नानंतर नाव बदलावंच लागतं.

असा कायदा नाही. आडनावाबद्दल नाही, मधल्या नावाबद्दल नाही, आणि तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेल्या नव्या नावाबद्दल तर नाहीच नाही. उलट १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम महाराष्ट्रात सरकारी कागदोपत्री असा ठरला आहे : मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव.

गैरसमज : ऑपरेशन बाईनेच केलेलं बरं, पुरुषाची ताकद जाते.

पुरुष नसबंदीत शुक्रवाहिनी बंद करतात. पुरुषी संप्रेरकं तयार होणं चालूच राहतं, त्यामुळे ताकद, कामेच्छा, दाढी-मिशी यांतलं काहीही जात नाही. बिनटाक्याची शस्त्रक्रिया जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि तपासणी करून घ्यायची, एवढंच पथ्य. बाईच्या शस्त्रक्रियेत पोटाला छेद द्यावा लागतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के! त्याच पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक पुरुषांनी सांगितलं की गर्भनिरोधन हा बायकांचा विषय, पुरुषांनी त्याची काळजी करायचं कारण नाही. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांत आपण एवढेच पुढे आलो.

गैरसमज : लग्नात खर्च केला, तिचा वाटा तिथेच फिटला.

वडील गेल्यावर तलाठ्याकडे वारसनोंद होते, सातबाऱ्यावर बहिणींची नावं चढतात आणि मग भावाचा फोन येतो. बहीण माहेरी येते, साडीचोळी होते, आणि दुपारी सगळे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. हक्कसोडपत्र. ‘राजीखुशीने’ असं त्यात छापलेलंच असतं. सही केली नाही तर माहेर तुटेल, एवढं तिला न सांगताही कळतं. भावाने बहिणीसाठी हिस्सा सोडला की बातमी होते. बहिणीने सोडला की रीत.

वस्तुस्थिती अशी की लग्नाच्या खर्चाने हक्क संपत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली. दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत का, हा वाद ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मिटवला : नसले तरी चालतं. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीधारकांत बायका सुमारे १४ टक्केच होत्या. शेतात त्या किती राबतात, हे कुणाही शेतकऱ्याला विचारा.

गैरसमज : हे समानतेचं खूळ बाहेरून आलं.

१८८१ मध्ये सुरतेच्या एका तरुण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. त्यावरून वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं की बायकांच्या माथी मारलेले हे दोष पुरुषांत नाहीत काय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने तर नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावणारी लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली, तीही खेड्यापाड्यांत.

गैरसमज : आता सगळे कायदे बायकांच्याच बाजूचे.

हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ वाचा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख बायकांना ते लागू आहे. बाई मृत्युपत्र न करता गेली आणि मागे नवरा-मुलं नसतील, तर तिने स्वतः कमावलेली मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. पुरुषाच्या मिळकतीत मात्र त्याची आई पहिल्याच फळीत असते आणि सासरच्यांचा प्रश्नच येत नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका बाईचं प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरच्यांनी घराबाहेर काढलेली, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेली. तिची कमाई गेली नणंदेच्या मुलांकडे. सहानुभूतीवर कायदा बदलत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं.

हा प्रसंग टाळायचा एक उपाय प्रत्येक कमावत्या बाईच्या हातात आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या, आणि ज्यांना काही देणार आहात त्यांना साक्षीदार करू नका. आणि हक्कसोडपत्र समोर आलं तर त्याच दुपारी सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाला दाखवा. नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं सोपं नसतं.