निकाल बदलला, पैजा नाही

अमेरिकेतील प्रतिष्ठेची केंटकी डर्बी १ मे २०२१ रोजी 'मेडिना स्पिरिट' या घोड्याने जिंकली. नंतर त्याच्या रक्तात बीटामेथासोन आढळले. सांध्यांची सूज व वेदना दाबणारे हे औषध शर्यतीच्या दिवशी वर्ज्य असते. कारण वेदना जाणवली नाही, तर घोडा जायबंदी पायावरही धावतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये विजेतेपद 'मँडलून'कडे गेले आणि बक्षिसाची रक्कम परत करण्याचा आदेश निघाला. पैजांचे पैसे मात्र शर्यतीच्या दिवशीच वाटले गेले होते. 'मँडलून' जिंकेल, अशी पैज लावणाऱ्यांना काहीच मिळाले नाही. चर्चिल डाउन्सने प्रशिक्षक बॉब बॅफर्ट यांच्यावर घातलेली बंदी जुलै २०२४ मध्ये उठवली. शर्यतीचा व्यवसाय पैज लावणाऱ्याच्या विश्वासावर चालतो. निर्णयास नऊ महिने लागले, तर त्या विलंबाची किंमतही तोच मोजतो.