अरण्यातील मुक्काम

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून प्रसिद्ध आहे. येथील कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या वनाच्छादित डोंगरांतून आणले गेले. त्यामुळे वैशाली नगरसारख्या गजबजलेल्या वस्तीतील माणसाचे जीवनही दूरच्या अरण्याशी जोडलेले आहे. यंत्रांचा आवाज आणि रहदारी यांना कंटाळलेला शहरवासी सुटीत त्याच अरण्याकडे ओढला जातो. बालोद, कबीरधाम अथवा महासमुंद जिल्ह्यातील रानात एखादी रात्र तंबूत काढावी, असे अनेकांना वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु तिच्यासोबत काही जबाबदाऱ्याही येतात.

ज्या वनात विश्रामगृह, नळ, दिवे, कचराकुंडी यांपैकी काहीच नसते, ते वन कोणाचेच नाही असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे आणि विनापरवाना प्रवेशावरही निर्बंध आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात जाण्यासाठी परवानगी आवश्यक असते. म्हणून मुक्कामापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन लेखी परवानगी घेणे हे पहिले कर्तव्य होय.

कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे तो वनात राहणाऱ्यांचा हक्क. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांचा वनावरील सामूहिक हक्क मान्य केला. छत्तीसगडच्या सीमेलगत असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. शहरातून येणारा प्रवासी ज्याला ओसाड रान समजतो, ते कोणाचे तरी कोठार असते. मोहाची फुले, तेंदूची पाने, चारोळी, डिंक आणि मध यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो. त्यामुळे जवळच्या गावात आपल्या येण्याची कल्पना देणे आणि ग्रामस्थांनी सांगितलेल्या जागीच तंबू उभारणे हे पाहुण्याला शोभणारे वर्तन ठरते.

मुक्कामातील सर्वांत मोठा धोका आगीचा असतो. मध्य भारतातील वनांत साधारणपणे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा काळ मानला जातो. या दिवसांत पानगळीमुळे जमिनीवर वाळलेल्या पानांचा जाड थर साचतो. शेकोटीची एक ठिणगी त्यात पडली, तर वाऱ्याबरोबर आग पसरत जाते. मोठे वृक्ष कदाचित तग धरतात. परंतु नुकतीच उगवलेली रोपे, जमिनीवरील घरट्यांतील अंडी आणि मातीतील सूक्ष्म जीव जळून जातात. ज्या रोपांनी उद्याचे अरण्य घडवायचे, तीच नष्ट होतात. हा हंगामच मोहफुलांचा असतो. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत गावोगावी आहे आणि तीही वणव्यांचे एक कारण ठरते. म्हणून काही गावांतील लोक आता झाडाखाली जाळी बांधून फुले गोळा करू लागले आहेत. पोटासाठी वनावर विसंबणारा माणूस जुनी सवय बदलत असेल, तर केवळ विरंगुळ्यासाठी येणाऱ्याने शेकोटीचा मोह सोडावयास हवा.

थंडीच्या दिवसांत, परवानगी असल्यास, पाचोळा दूर सारून मोकळ्या मातीवर लहानशी चूल मांडावी. इंधनासाठी उभे झाड तोडू नये. निखाऱ्यांवर केवळ माती लोटल्याने विस्तव विझत नाही. तो आत धुमसत राहतो. भरपूर पाणी ओतून राख ढवळावी आणि हाताला ती पूर्ण थंड लागेपर्यंत जागा सोडू नये.

पाण्याच्या बाबतीतही अशीच दक्षता हवी. ओढ्याच्या अथवा पाणवठ्याच्या काठावर तंबू ठोकल्यास रात्री पाण्यावर येणारी जनावरे बिचकून तहानलेलीच परततात. म्हणून मुक्काम पाण्यापासून किमान साठ मीटर दूर असावा. साबण लावून भांडी वा कपडे प्रवाहात धुऊ नयेत. शौचासाठीही तेवढेच अंतर राखून वीतभर खोल खड्डा खणावा आणि नंतर तो मातीने बुजवावा.

उरलेले अन्न उघड्यावर ठेवणे धोक्याचे असते. मोहाच्या हंगामात अस्वले फुलांच्या शोधात फिरतात. अलीकडच्या वर्षांत बालोद आणि महासमुंद या जिल्ह्यांत रानहत्तींचाही वावर आढळला आहे. अन्नाच्या वासाने एखादा प्राणी माणसांच्या जागेकडे येऊ लागला, तर पाहुणे निघून जातात आणि त्याचा धोका मागे राहणाऱ्या गावकऱ्यांना भोगावा लागतो. प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या, काचेचे तुकडे असा सारा कचरा आपल्यासोबत परत न्यावा. मोठ्या आवाजातील संगीत आणि प्रखर दिवेही टाळावेत.

सकाळी तंबू उचलल्यावर मागे वळून पाहावे. तेथे कोणी राहिले होते याची खूण दिसत नसेल, तर तो मुक्काम यशस्वी झाला असे समजावे. त्याच वाटेने टोपली घेऊन मोहफुले वेचण्यास येणाऱ्या स्त्रीला तिचे झाड आणि तिची जमीन काल होती तशीच मिळाली पाहिजे.