अमेरिकेतील बेसबॉल स्पर्धा आणि महाविद्यालयीन निवड : खेळाडू नजरेत कसा भरतो?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंडांच्या त्या मदतीने काय घडले, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. शिष्यवृत्ती मिळण्यासाठी अंगी योग्यता असावी लागते, तशीच ती योग्यता कोणाच्या तरी दृष्टीस पडावी लागते. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही.

बाबासाहेबांनंतर काही वर्षांनी, १९२१ साली, त्याच कोलंबिया विद्यापीठात लू गेरिग नावाचा जर्मन स्थलांतरितांचा गरीब मुलगा दाखल झाला. त्याची आई विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एका निवासात स्वयंपाक करीत असे. १९२३ साली न्यूयॉर्क यांकीज या व्यावसायिक संघाचा पारखी पॉल क्रिचेल याने त्याचा खेळ पाहिला आणि त्याला करारबद्ध केले. पुढे गेरिग बेसबॉलच्या इतिहासात अजरामर झाला. अशा पारख्यास अमेरिकेत 'स्काउट' म्हणतात. आज तेथील लाखो मुले महाविद्यालयाच्या पारख्यांनी आपल्याला पाहावे म्हणून धडपडत असतात. ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्यात कोण मागे राहतो, हे आपल्या विद्यार्थ्यांनी व पालकांनी समजून घेण्यासारखे आहे.

पाहणारे कोण असतात?

व्यावसायिक संघांचे स्काउट पगारी असतात व तेच त्यांचे काम असते. महाविद्यालयांत मात्र हे काम बहुधा साहाय्यक प्रशिक्षक करतात. अमेरिकेत माध्यमिक शाळांतून सुमारे पावणेपाच लाख मुले बेसबॉल खेळतात. एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेच्या तिन्ही श्रेणींतील सर्व संघांत मिळून चाळीस हजारांच्या आत खेळाडू असतात. त्यातही पहिल्या श्रेणीतील महाविद्यालये जेमतेम तीनशे. याखेरीज एन.ए.आय.ए. ही निराळी संघटना आहे व दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजे आहेत. दार एकच नाही, ही गोष्ट विद्यार्थ्याने प्रथम ध्यानात घ्यावी.

उन्हाळ्याच्या सुटीत शाळेचे संघ बंद असतात. तेव्हा मुले फिरत्या संघांतून खेळतात आणि हे संघ मोठमोठ्या स्पर्धांना जातात. १९९३ साली स्थापन झालेली 'परफेक्ट गेम' ही खासगी संस्था अशा स्पर्धांसाठी प्रसिद्ध आहे. जॉर्जिया राज्यातील लेकपॉइंट क्रीडासंकुल आणि ऑक्टोबरात फ्लोरिडातील ज्युपिटर येथे भरणारी स्पर्धा येथे एकाच वेळी अनेक मैदानांवर सामने चालतात. ज्युपिटरला तर प्रशिक्षक व स्काउट गोल्फच्या छोट्या गाड्यांतून या मैदानावरून त्या मैदानावर धावत असतात. याशिवाय 'शोकेस' नावाचा प्रकार असतो. त्यात सामन्यापेक्षा प्रत्येक मुलाची चाचणी घेण्यावर भर असतो.

काय पाहतात?

बेसबॉलमध्ये पाच गुण मानले जातात : चेंडू अचूक टोलवणे, जोरदार टोला, धावणे, क्षेत्ररक्षण आणि फेक. व्यावसायिक स्काउट प्रत्येकाला २० ते ८० असे गुण देतात. महाविद्यालयीन प्रशिक्षकही याच गोष्टी घड्याळ व रडार गन घेऊन मोजतात. साठ यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर अंतर सात सेकंदांच्या आत कापणारा मुलगा चपळ समजला जातो. यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या कॅचरच्या हाती चेंडू आल्यापासून तो दुसऱ्या बेसवरील सहकाऱ्याच्या हातात पडेपर्यंत किती वेळ गेला, हेही मोजतात. दोन सेकंदांच्या आसपासचा वेळ उत्तम मानतात. चेंडू फेकणाऱ्या पिचरचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढे गेला की कुंपणामागच्या रडार गन त्याच्याकडे वळू लागतात.

पण आकड्यांवर सर्व संपत नाही. अनुभवी प्रशिक्षक सामन्याआधीच येऊन मुलांचा सराव पाहतात, कारण सामन्यात एखाद्या क्षेत्ररक्षकाकडे चेंडू एकदाही येणार नाही असे होऊ शकते. बाद होणार हे दिसत असतानाही मुलगा पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून धावतो काय, बाद झाल्यावर बॅट आपटतो काय, पंचाशी, सहकाऱ्यांशी आणि आपल्या आईवडिलांशी कसा वागतो, हे सारे ते पाहत असतात. चार वर्षे ज्याला सांभाळावयाचे त्याचे शील पाहणे त्यांना आवश्यक वाटते.

आधी पत्र, मग स्पर्धा

स्पर्धेला गेले की कोणीतरी आपल्याला शोधून काढील, हा फार मोठा गैरसमज आहे. एकाच दिवशी शेकडो मुले खेळत असतात आणि एका प्रशिक्षकाला त्यांतील थोडेच सामने पाहता येतात. म्हणून तो बहुधा नावांची यादी घेऊनच येतो. त्या यादीत आपले नाव जावे यासाठी मुलाने स्पर्धेच्या एक-दोन आठवडे आधी स्वतः पत्र अथवा ई-मेल पाठवावा. त्यात पुढील गोष्टी थोडक्यात असाव्यात : शाळा पूर्ण होण्याचे वर्ष, खेळण्याची जागा, उंची व वजन, परीक्षेतील गुण, दोन-तीन मिनिटांची चित्रफीत, संघाचे नाव, जर्सीचा क्रमांक, सामन्याची वेळ व मैदान. पिचरने आपण कोणत्या दिवशी फेकणार हे अवश्य कळवावे, कारण तो रोज फेकत नाही. पत्र मुलाने लिहावे, वडिलांनी नव्हे. 'आपल्या महाविद्यालयात मला का यावयाचे आहे' याची दोन वाक्ये त्यात असली म्हणजे एकच मजकूर शंभर ठिकाणी पाठविला नाही हे दिसून येते.

नियमही माहीत असावेत. पहिल्या श्रेणीतील प्रशिक्षकाला मुलगा अकरावीत जाण्याच्या वर्षीच्या १ ऑगस्टपूर्वी त्याच्याशी प्रवेशासंबंधी बोलता येत नाही. स्पर्धा चालू असतानाही खेळाडूशी असे बोलणे नियमात बसत नाही. त्यामुळे प्रशिक्षक सामना पाहून एक शब्दही न बोलता निघून गेला, तर मुलाने खचून जाऊ नये.

गुणपत्रिकेचे महत्त्व

खेळ कितीही चांगला असला तरी अभ्यासावाचून पहिल्या श्रेणीत खेळता येत नाही. त्यासाठी शाळेत ठरावीक १६ मुख्य विषय-अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात आणि त्यांत चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. सोळांपैकी दहा अभ्यासक्रम शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वीच संपवावे लागतात. म्हणजे नववीत दुर्लक्ष केलेल्याची भरपाई बारावीत होत नाही.

चांगल्या गुणांचा आणखी एक उपयोग आहे. बेसबॉलसाठी पूर्ण शिष्यवृत्ती फार थोड्यांना मिळते. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीतील संघाला ११.७ शिष्यवृत्त्या देता येत व त्या अनेक खेळाडूंत वाटल्या जात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांवरील ही मर्यादा गेली, मात्र संघात ३४ पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. किती पैसा द्यावयाचा हे ज्या त्या महाविद्यालयाच्या कुवतीवर आहे. तिसऱ्या श्रेणीत आणि कोलंबियासारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी शिष्यवृत्ती मुळीच मिळत नाही. तेथे कुटुंबाच्या आर्थिक गरजेनुसार मदत मिळते, काही ठिकाणी गुणवत्तेवरही मिळते. थोडक्यात, अनेक मुलांना खेळाच्या शिष्यवृत्तीपेक्षा गुणपत्रिकाच अधिक पैसे मिळवून देते.

ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांचे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. फिरत्या संघाची वर्गणी, स्पर्धेचे शुल्क, प्रवास आणि हॉटेल मिळून एका उन्हाळ्याचा खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. ज्या मैदानावर पाहणारे येतात तेथे उभे राहण्यासाठीच पैसे मोजावे लागतात. फ्लोरिडातील गरीब घरातून आलेला व २०१३ साली सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवणारा अँड्र्यू मकचेन याने २०१५ साली एका लेखात हीच व्यथा मांडली. एका प्रशिक्षकाने आपल्याला हेरून खर्चाचा भार उचलला नसता तर आपण कोणाच्या दृष्टीस पडलो नसतो, असे त्याच्या सांगण्याचे सार होते. वरिष्ठ व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९९१ साली सुमारे १८ टक्के असलेले आफ्रिकी-अमेरिकी खेळाडू २०२४ साली ६ टक्क्यांवर आले. याची कारणे अनेक आहेत, पण हा खर्च हे त्यांपैकी एक मानले जाते.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकत होते त्या काळात या खेळाचे वरिष्ठ संघ कृष्णवर्णीयांना सरळ बंद होते. लेखी नियम नव्हता, पण पाळला मात्र कडकपणे जात होता. कोणता लेखी नियम नसताना विहीर कशी बंद होते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला तेव्हा ही भिंत फुटली. त्याआधी १९४४ साली सैन्यात असताना बसच्या मागच्या भागात जाऊन बसण्यास त्याने नकार दिला होता. त्यावरून त्याच्यावर लष्करी खटला झाला व तो निर्दोष सुटला. आज तशी बंदी नाही, पण तिकिटाचे पैसे नसलेल्या मुलासाठी दार अर्धेच उघडे आहे.

त्यावर काही उपायही झाले. १९८९ साली माजी खेळाडू व स्काउट जॉन यंग यांनी लॉस एंजेलिसमध्ये शहरी गरीब वस्त्यांतील मुलांसाठी 'आर.बी.आय.' हा उपक्रम सुरू केला. २००६ साली कॉम्प्टन येथे मोफत शिकवणारी बेसबॉल अकादमी उघडली. ज्युनियर कॉलेज हाही कमी खर्चाचा खरा मार्ग आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातून स्थलांतरित झालेला अल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीच्या मेपल वुड्स या ज्युनियर कॉलेजात खेळला. १९९९ साली व्यावसायिक संघांनी निवड केली तेव्हा त्याच्याआधी ४०१ नावे घेतली गेली. २०२२ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ७०३ होम रन होते. एवढ्या पारख्यांच्या डोळ्यांतून असा खेळाडू सुटला, यावरून एका स्पर्धेतील अपयशाला किती किंमत द्यावयाची हे विद्यार्थ्याने ठरवावे.

आपण काय घ्यावे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या काही बांधवांच्या मुलांना ही माहिती प्रत्यक्ष उपयोगी पडेल. त्यांनी आपल्या पातळीची महाविद्यालये निवडावीत, मोजक्या स्पर्धांना जावे, पत्र स्वतः लिहावे आणि नववीपासून अभ्यास सांभाळावा. हजारो डॉलर मागून निवडीची हमी देणाऱ्यांपासून सावध राहावे. तशी हमी कोणालाच देता येत नाही.

येथील सभासदांसाठीही यात एक काम आहे. आपल्या वस्तीतही धावणारी, फेकणारी, गणितात चमकणारी मुले आहेत. निवड चाचणी दुसऱ्या शहरात असते, अर्जाची तारीख कोणी सांगत नाही, गाडीभाड्याला पैसे नसतात आणि मूल घरीच राहते. तारीख कळवणे, अर्ज लिहून घेणे, भाडे देणे आणि सोबत एक जाणता माणूस पाठवणे या चार गोष्टी कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातील आहेत. बाबासाहेबांची योग्यता ओळखून सयाजीराव महाराजांपर्यंत ती पोहोचवणारे कृष्णाजी केळुसकर गुरुजी होते. प्रत्येक वस्तीत असा एक माणूस उभा राहिला, तर आपले एकही गुणी मूल कोणी न पाहिल्यामुळे मागे राहणार नाही.

जयभीम!