दातांच्या नांग्या कशा भराव्यात?



उसाच्या लागणीत नांग्या पडल्या की आपण स्वस्थ बसत नाही. पिशवीतली रोपे आणून लगेच भरतो. तोंडातला दात गेला, की मात्र "एकच तर गेला, दुसऱ्या बाजूनं चावू" म्हणत वर्षानुवर्षे काढतो. बहुतेकदा जाते ती पहिली मोठी दाढ. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे मुकाट्याने येते. घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी "पडेल, नवी येईल" म्हणून सोडून देतात. ती गेली की पुन्हा येत नाही.

रिकामी जागा तशीच राहत नाही. मागची दाढ पुढे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ फटीकडे सरकते, मध्ये घास अडकतो, हिरडी सुजते. काही वर्षांनी दात बसवायला गेलो, तर सरळ जागाच उरलेली नसते.

ही फट भरण्याचा एक रूढ उपाय म्हणजे ब्रिज. रचना ओढ्यावरच्या पुलासारखी. फटीच्या दोन्ही बाजूंचे दात साधारण दीड-दोन मिलिमीटर घासून बारीक करतात, त्यांवर टोप्या बसतात आणि टोप्यांना जोडलेला खोटा दात मध्ये येतो. तिन्ही मिळून एकच तुकडा, तोंडात सिमेंटने पक्का केलेला. दात काढल्यानंतर जागा नीट भरायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. पुढे माप घेणे, बसवून पाहणे, चिकटवणे अशा दोन-तीन खेपा. ब्रिज धातूचा, धातूवर चिनी मातीचा किंवा झिर्कोनियाचा असतो.

पण घासलेला दात परत वाढत नाही, हे आधी समजून घ्या. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील, तर एकासाठी दोन चांगले दात खर्ची पडतात. तेच दात मोठे सिमेंट भरलेले किंवा रूट कॅनाल केलेले असतील, तर त्यांना टोपी लागणारच, मग ब्रिज फायद्याचा. दुसरा मार्ग इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णावर तो वापरला. शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च जास्त, काही महिने थांबावे लागते आणि तंबाखू ओढणारे व साखर ताब्यात नसलेले मधुमेही यांच्यात तो फसण्याचा धोका अधिक. काढता-घालता येणारा दात सगळ्यात स्वस्त, पण चावायला तितका घट्ट नाही. डॉक्टरांना तिन्हींचा हिशेब विचारावा, त्यात लाजायचं काय?

ब्रिजमध्ये तीन दातांचे ओझे दोघांवर येते. तिसऱ्या बैलाचा भारही याच जोडीने ओढायचा. म्हणून बाजूचे दात मुळात घट्ट हवेत. मिश्री-तंबाखूने हिरडी उतरलेल्या, हलत्या दाताला ब्रिज बांधला तर तो टिकत नाही.

बाजाराच्या दिवशी छत्रीखाली "अर्ध्या तासात पक्का दात" बसवणारे अजून भेटतात. ते शेजारच्या दातांवर आणि हिरडीवर झटपट घट्ट होणारे प्लास्टिक थापतात, वर तारही बांधतात. खाली ब्रश जात नाही, घाण कुजते आणि चांगले दातही हलू लागतात. देशात दंतवैद्यकाचा कायदा १९४८ सालीच झाला, तरी हा धंदा थांबला नाही. पैशाची अडचण असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत चौकशी करावी. एसटीचे भाडे धरूनही ते परवडेल.

ब्रिज बसल्यावर खोटा दात किडत नाही, पण टोपीखालचा खरा दात किडतो. म्हणून खोट्या दाताखालून रोज खास दोरा किंवा बारीक ब्रश फिरवावा. कसा, ते डॉक्टरांकडून आरशासमोर शिकून घ्यावे. नीट सांभाळला तर ब्रिज दहा-पंधरा वर्षे सहज जातो. उसाचे कांडे दाताने सोलण्याची आपली जुनी हौस मात्र त्यावर भागवू नये. कोयत्याने सोलून बारीक करवे करावेत आणि तेही दुसऱ्या बाजूने चघळावेत.