परित्यक्ता, आजारपण आणि शासकीय साहाय्य

पती निधन पावला तर पत्नीला मृत्यूचा दाखला मिळतो. विवाह न्यायालयात संपुष्टात आला तर हुकूमनामा हाती येतो. परंतु पती हयात आहे, विवाह कायद्याने अबाधित आहे आणि दोघे मात्र एकत्र राहत नाहीत, या स्थितीचा दाखला कोणतेही कार्यालय आपणहून देत नाही. २०११ च्या जनगणनेत अशा विभक्त स्त्रियांची संख्या २३ लाखांहून अधिक भरली. घटस्फोटित स्त्रियांच्या दुपटीहून ती जास्त होती.

अशी स्त्री आजारी पडली म्हणजे अडचण दुहेरी होते. केंद्र शासनाने १९९५ साली राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला आणि २००९ साली त्यात दारिद्र्यरेषेखालील विधवा व अपंग यांच्यासाठी निवृत्तिवेतनाची भर घातली. विधवा ४० ते ७९ वर्षे वयाची असावी लागते. अपंगत्व किमान ८० टक्के असावे लागते. मासिक रक्कम ३०० रुपये आहे. क्षयाने अंथरुणास खिळलेली परित्यक्ता या दोहोंपैकी कशातच बसत नाही. ती विधवा नव्हे, आणि वैद्यकीय मंडळाच्या दृष्टीने अपंगही नव्हे.

ही उणीव काही राज्यांनी आपापल्या परीने भरून काढली आहे. राजस्थानात विधवा, घटस्फोटिता व परित्यक्ता यांना ‘एकल नारी’ या एकाच संज्ञेखाली आणले आहे. (परित्यक्ता म्हणजे टाकून दिलेली; त्या मानाने हा शब्द पुष्कळच सभ्य आहे.) महाराष्ट्रातील संजय गांधी निराधार अनुदान योजनेत क्षय, कर्करोग, पक्षाघात यांसारखे आजार हेच पात्रतेचे कारण मानले जाते. तामिळनाडूत परित्यक्तांसाठी स्वतंत्र निवृत्तिवेतन आहे. मात्र त्यासाठी पतीने किमान ५ वर्षे सोडून दिलेले असले पाहिजे, अथवा विभक्ततेविषयी न्यायालयाचा दाखला असला पाहिजे. नियम करणाऱ्यांना खोटे अर्ज टाळावयाचे असतात हे समजण्यासारखे आहे. पण आजार पाच वर्षे थांबत नाही.

खरी गुंतागुंत शिधापत्रिकेपासून सुरू होते. आपल्या बहुतेक योजनांचे एकक व्यक्ती नसून कुटुंब हे आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने घरातील १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीस कुटुंबप्रमुख मानले, ही मोठीच सुधारणा होय. परंतु सासरी ती स्त्री म्हणजे सासू आणि माहेरी आई. परित्यक्तेचे नाव असते सासरच्या पत्रिकेवर, पत्रिका असते सासरच्या कपाटात, आणि तेथून नाव कमी झाल्याखेरीज दुसरीकडे ते चढत नाही. ज्या घराने तिला बाहेर काढले, त्याच घराकडे तिला नाव कमी करून घेण्यासाठी जावे लागते. रुग्णालयातील खर्चासाठी २०१८ साली आलेल्या आयुष्मान भारत योजनेतही वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे ते कुटुंबास.

स्वतःच्या नोकरीवर मिळणारे हक्क अधिक भक्कम असतात. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगारास वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. त्यासाठी सहामाही अंशदानकालात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि लाभाचा काळ त्यानंतर काही महिन्यांनी सुरू होतो. संसार मोडल्यावर प्रथमच कारखान्यात लागलेली स्त्री तोवर आजारी पडली, तर रजेचे दिवस बिनपगारीच जातात. धुणीभांडी करणारीचा तर येथे प्रश्नच उद्भवत नाही.

पोटगीचा मार्ग राहतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पत्नीला आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो, आणि अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. तथापि परस्परसंमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीस पोटगी मिळत नाही, आणि पुरेशा कारणावाचून पतीबरोबर राहण्यास नकार देणारीसही नाही. आजारी पत्नीच्या बाबतीत नेमके येथेच घोटाळते. ‘औषधपाण्यासाठी’ म्हणून तिला माहेरी पोहोचवले जाते आणि परत कोणी नेत नाही. भांडण झालेले नसते, साक्षीदार नसतो. ती आपखुशीने गेली असे पतीला म्हणता येते. तारखांना हजर राहण्याचे दिवस आणि रुग्णालयाचे दिवस एकाच आठवड्यात येतात, हे वेगळेच.

म्हणून क्षयरोग्यांसाठी २०१८ साली सुरू झालेली निक्षय पोषण योजना येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. उपचार चालू असेतोवर रुग्णाच्या खात्यावर प्रारंभी दरमहा ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. रोगाची नोंद झाली की पात्रता ठरते. पती कोठे आहे, हे तेथे कोणी विचारीत नाही. बँकेत खाते मात्र लागते, आणि पुष्कळ जणींचे जुने खातेपुस्तक अजून सासरीच असते.