घशाशी येणारे आम्ल आणि छातीतला श्वास

खोकला थांबत नाही, छातीत घरघर होते, रात्री धाप लागून जाग येते, अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णाला आम्ही जेव्हा "रात्री किती वाजता जेवता?" असे विचारतो, तेव्हा सोबतचे नातेवाईक एकमेकांकडे पाहू लागतात. दुखणे छातीचे आणि प्रश्न पोटाचा, हे त्यांना विसंगत वाटते. या प्रश्नामागील कारण रुग्णांच्या कुटुंबीयांना व आमच्या हितचिंतकांना समजावे, या हेतूने यंदाच्या अहवालात हा लेख देत आहोत.

एका रिक्षाचालक गृहस्थांचे उदाहरण बोलके आहे. सात महिने ते खोकत होते. क्षयाची तपासणी झाली होती, ती निर्दोष आली. खोकल्याची औषधे व प्रतिजैविके यांवर बराच खर्च झाला होता. झोप लागल्यावर तास-दीड तासात ठसका लागून ते उठून बसत आणि सकाळी त्यांचा आवाज बसलेला असे. रात्री साडेअकराला घरी येऊन पोटभर जेवायचे आणि लगेच अंथरुणाला पाठ टेकायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. "कधीकधी आंबट पाणी घशाशी येतं, पण त्याचं काय एवढं!" असे ते सहज बोलून गेले. निदानाची दिशा त्या वाक्यात होती.

झडप सैल पडते तेव्हा

घसा आणि जठर यांना जोडणारी अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक वलय असून ते झडपेसारखे काम करते. घास खाली उतरताना ते उघडते आणि नंतर मिटते. जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. त्यापासून जठराचे रक्षण करणारा श्लेष्माचा जाड थर अन्ननलिकेला लाभलेला नाही, आणि स्वरयंत्र व श्वासनलिका तर त्याहूनही नाजूक आहेत.

जेवणानंतर ही झडप अधूनमधून क्षणभर सैल पडणे आणि थोडे आम्ल वर येणे हे निरोगी माणसातही घडते. जागेपणी आपण सतत लाळ गिळतो, शरीर उभे असते, त्यामुळे वर आलेले आम्ल खाली धुऊन जाते. झोपेत लाळ कमी होते, गिळणे जवळजवळ थांबते आणि शरीर आडवे असते. म्हणून भरल्या पोटी घेतलेली झोप या विकाराला अनुकूल ठरते. लठ्ठपणा, गर्भारपण, तंबाखू, मद्य तसेच जठराचा काही भाग छातीच्या पोकळीत सरकणे, यांमुळेही हा उलटा प्रवाह वाढतो.

श्वासापर्यंत पोहोचणाऱ्या दोन वाटा

पहिली वाट थेट आहे. आम्ल घशापर्यंत चढते आणि त्याचे सूक्ष्म थेंब स्वरयंत्रावर व पुढे श्वासनलिकेत उतरतात. त्यामुळे आवाज घोगरा होतो, वारंवार घसा खाकरावा लागतो, कोरडी ढास लागते. कधी स्वरयंत्र एकाएकी आकसते आणि रुग्ण श्वास कोंडून घाबरून उठतो. हा झटका बहुधा मिनिटभरात ओसरतो, पण पाहणाऱ्याच्या काळजाचे पाणी होते.

दुसरी वाट मज्जातंतूंची आहे. गर्भावस्थेत अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच नळीपासून तयार होतात आणि पुढे दोन्हींना व्हेगस या एकाच चेतेच्या शाखा मिळतात. अन्ननलिकेच्या खालच्या भागात आम्लाचा दाह झाला, की त्याची वर्दी मेंदूपर्यंत जाते आणि प्रतिक्षिप्त क्रियेने श्वासनलिका आकसतात किंवा खोकला येतो. आम्लाचा एकही थेंब घशापर्यंत न येता हे घडू शकते. म्हणूनच काही रुग्णांना छातीत जळजळ मुळीच जाणवत नाही.

दम्याच्या रुग्णात याचे चक्र बनते. खोकल्याने पोटावर दाब येऊन आम्ल वर ढकलले जाते आणि वर आलेल्या आम्लाने खोकला वाढतो. दम्यावरील थिओफिलिनसारखे औषधही ही झडप सैल करते.

हे निरीक्षण नवे नाही. विल्यम ऑस्लर यांच्या १८९२ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या वैद्यकग्रंथाच्या काळापासून भरल्या पोटाचा आणि दम्याच्या झटक्याचा संबंध वैद्यांना ठाऊक आहे. १९४६ साली कर्टिस मेंडेल्सन यांनी प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत जठरातील द्रव उतरून होणाऱ्या गंभीर विकाराचे वर्णन केले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उपाशी ठेवण्याचा आमचा आग्रह त्याच धड्यातून आलेला आहे. "एवढासा चहा दिला तर काय बिघडतं?" असे विचारणाऱ्या नातेवाईकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

आम्लावरच सारा दोष नको

मात्र प्रत्येक खोकल्याचे खापर आम्लावर फोडणे तितकेच चुकीचे आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, दमा आटोक्यात नसलेल्या परंतु आम्लाची तक्रार नसलेल्या ४१२ रुग्णांपैकी काहींना २४ आठवडे आम्लरोधक औषध देण्यात आले. त्याने दम्यात सुधारणा झाली नाही. २०१२ साली लहान मुलांच्या अभ्यासातही लाभ आढळला नाही, उलट श्वसनमार्गाचे संसर्ग वाढलेले दिसले. २०२१ साली ब्रिटनमधील अभ्यासात घशाच्या दीर्घ तक्रारींवर हे औषध निरौषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

आम्हीही या बाबतीत चुकलो आहोत. एका वृद्ध मातोश्रींच्या कोरड्या खोकल्यावर आम्ही तीन महिने आम्लाच्या गोळ्या दिल्या. खोकल्याचे खरे कारण त्या रक्तदाबासाठी घेत असलेली रामिप्रिलची गोळी हे होते. डॉक्टरांनी ती बदलून दिल्यावर काही आठवड्यांत खोकला थांबला. तेव्हापासून रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी समोर ठेवूनच आम्ही विचार करतो. अर्थात, अशी कोणतीही गोळी रुग्णाने स्वतःहून बंद करू नये.

घरी काय करावे

रात्रीचे जेवण आणि झोप यांत किमान तीन तासांचे अंतर ठेवावे. कामाच्या वेळेमुळे ते अशक्य असल्यास मुख्य जेवण दुपारी अथवा संध्याकाळी घेऊन रात्री अल्प आहार घ्यावा. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने पोट मुडपते व दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. वजन अधिक असल्यास कमी करावे. विडी, सिगारेट, तंबाखू व मद्य सोडावे.

आम्लरोधक गोळी डॉक्टरांनी दिल्यास बहुधा न्याहारीपूर्वी अर्धा तास घ्यायची असते. जळजळ काही दिवसांत शमते, परंतु खोकला कमी होण्यास दोन-तीन महिने लागू शकतात. तेवढ्या काळात गुण न आल्यास गोळी चालू ठेवण्याऐवजी निदानाचा फेरविचार करावा. दम्याचा पंप मात्र आम्लाचे निदान झाले म्हणून कधीही सोडू नये. त्यातून जिवावर बेतू शकते.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास प्रथम क्षयासाठी थुंकीची तपासणी करावी. थुंकीतून रक्त पडणे, वजन घटणे, घास अडकणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. छातीत दुखून घाम सुटला किंवा कळ हाताकडे गेली, तर ते पित्त समजून घरी न थांबता तातडीने हृदयाची तपासणी करून घ्यावी.

उपरोक्त रिक्षाचालक गृहस्थांच्या पत्नी आता त्यांना सायंकाळी साडेसातला डबा पोहोचवतात. पलंगाखाली चार विटा आल्या, काही काळ गोळी चालली आणि तिसऱ्या महिन्यात त्यांना रात्रभर झोप लागू लागली. या उपचारात सर्वांत मोलाचा होता तो रुग्णाशी शांतपणे बोलण्यासाठी मिळालेला वेळ. आमच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात प्रत्येकाला तो वेळ देता यावा, यासाठी पुरेसे डॉक्टर नेमणे देणगीदारांच्या साहाय्यामुळेच शक्य होते.