मोटारीवरची पाटी आणि बोर्डोचा शिंतोडा

कुंभार पिंपळगावच्या शिवारात विहिरीवर बसलेल्या मोटारीच्या अंगावर तळहाताएवढी पत्र्याची पाटी असते. तिच्यावर अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर, मिनिटाचे फेरे एवढाच मजकूर. पण मोटार जळाली की वायंडिंगवाला आधी तीच पाटी पुसून वाचतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिलेही तिच्यावरच्या अँपिअरवरून लावायचा असतो. पाच अश्वशक्तीची थ्री फेज मोटार पूर्ण भाराला साधारण साडेसात अँपिअर घेते. अक्षरं पुसली गेली आणि अंदाजाने रिले दहावर ठेवला, तर मोटार आतून तापत राहते आणि रिले गप्प बसतो. मोटार जाते ती अशी.

या पाटीचे वैरी कोण? मराठवाड्यातलं ऊन, वाऱ्याबरोबर घासत जाणारी माती, ग्रीस, गळत्या पॅकिंगचं पाणी. शिवाय घनसावंगी तालुका मोसंबीचा, म्हणून आणखी एक वैरी: बोर्डो. मोरचूद आणि चुना यांचं हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो भागात द्राक्षवेलींवर आजमावून मिलार्दे यांनी 1885 मध्ये जगापुढे मांडलं. आपल्याकडे मोसंबीच्या खोडांना त्याची पेस्ट लावतात. मिश्रण बरोबर जमलं का हे पाहायची जुनी रीत म्हणजे त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर आला, तर मोरचुदातलं तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवायला हवा.

आता हेच द्रावण ॲल्युमिनियमच्या पाटीवर उडालं असं समजा. चुना कमी असेल, तर मोकळं तांबं पाटीवर बसून तिला बारीक खड्डे पाडतं. चुना जास्त असेल, तर तो पाटीचं वरचं कवचच विरघळवतो. दोन्हीकडून मरण! आणि हे कवच म्हणजे तरी काय, ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ते कुणी बाहेरून लावलेलं नसतं.

जालन्याच्या कारखान्यांतून निघणारी सळई उघड्यावर पडली की गंजते. तो गंज सैल असतो, पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं. ॲल्युमिनियमही हवेत तितक्याच तत्परतेने ऑक्सिजनला धरतं, पण त्याचा थर धातूला घट्ट चिकटून बसतो आणि पुढची वाट बंद करतो. हा नैसर्गिक थर अवघ्या काही नॅनोमीटरचा. तो जाड करायची युक्ती म्हणजे ॲनोडायझिंग. पत्रा सौम्य गंधकाम्लात बुडवून विजेच्या धन टोकाला जोडायचा. धातू आपल्याच अंगातून ऑक्साइड वाढवू लागतो. पितळी पातेल्याला कल्हई करताना कथील वरून चढवावं लागतं. इथे कल्हई भांड्यातूनच उगवते म्हणा ना. 1923 मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवायला ही पद्धत क्रोमिक आम्लात प्रथम वापरली. गंधकाम्लाची रीत त्यानंतर लवकरच आली.

मला सर्वांत थक्क करते ती या थराची रचना. त्यात उभी छिद्रं असतात, प्रत्येक साधारण दहा-वीस नॅनोमीटर रुंद, आणि एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी कोट्यवधी. रंग या छिद्रांत उतरतो. मग पत्रा उकळत्या पाण्यात धरला की ऑक्साइड पाणी शोषून फुगतं आणि छिद्रांची तोंडं मिटतात. अक्षर आता पृष्ठभागाच्या खाली बंद झालं. ग्रीसचा हात, गोणपाटाने पुसणं, धूळ, काहीच त्याला पोचत नाही. बाहेरच्या पाटीला हा थर वीस मायक्रॉनच्या आसपास हवा. एवढ्या जाडीत तो आपल्या केसापेक्षा कितीतरी पातळच. रंग मात्र काळा घ्यावा, कारण अनेक सेंद्रिय रंग उन्हात विटतात.

या कवचाला मर्यादा आहे ती सामूची. साधारण 4 ते 8.5 सामूपर्यंत ते सुखाने राहतं. चुन्याची निवळी 12 च्याही वर जाते. म्हणून बागेतल्या पाटीला ॲनोडायझिंगवर पारदर्शक लेपही हवा. इपॉक्सीचा लेप रसायनांना चिवट, पण उन्हात पिवळा पडून त्याची पूड सुटते. उघड्यावर पॉलियुरेथेन बरं. स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीला पॉलिएस्टरची पावडर कोटिंग चांगली. लोखंडावर साधारण 800 अंशांना काच वितळवून केलेली मिन्याची पाटी ऊन आणि चुना दोन्ही सोसते, पण स्क्रू जास्त आवळला की टवका उडतो आणि तिथून गंज शिरतो. पाण्यात बुडणाऱ्या पंपावर स्टेनलेस स्टील हवं. त्यातलं क्रोमियम ओरखडा पडला तरी पाण्यातल्या ऑक्सिजनवर आपला थर पुन्हा धरतं. मजकूर त्यावर कोरलेला असावा. राष्ट्रकूटांचे ताम्रपट हजार वर्षांनी वाचता येतात ते अक्षरं धातूत खोल कोरल्यामुळेच.

माझं मत विचाराल तर बागेतल्या मोटारीला काळ्या अक्षरांची, नीट सील केलेली ॲनोडाइज्ड पाटी, वर पॉलियुरेथेनचा लेप, आणि ती बसवायला ॲल्युमिनियमचेच रिव्हेट. पितळी स्क्रू लावला, तर ओलीत पितळ शाबूत राहतं आणि त्याच्याभोवतीचा पत्रा खाल्ला जातो. बोर्डोचं काम काढण्याआधी पाटीवर प्लास्टिक बांधा. शिंतोडा उडालाच तर वाळायच्या आत साध्या पाण्याने धुवा. तारेच्या घासणीने कधीही घासू नका. आणि आज पाटी वाचता येते आहे तोवर मोबाइलमध्ये तिचा एक फोटो काढून ठेवा.